पट्टीने मारलेली रेघ

"पिशवी धुवायचीय? मग इथं कशाला आलीस? रामकुंडावर जा. तिथं सगळ्यांचंच धुतलं जातं."

बाकावरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात सिस्टर बोलली. बायका पदराआड हसल्या. आमच्या वस्तीत गर्भ पाडण्याला पिशवी धुणं म्हणत. मला दुसरा शब्द माहीत नव्हता. आम्ही बौद्ध. रामकुंडाशी आमचं काय देणंघेणं? पण सिस्टरनं आधी आडनाव विचारलं होतं, मग ती हे बोलली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

तीन मुली होत्या. तिसरीच्या वेळी फार रक्त गेलं. पुन्हा दिवस राहिले तर जगणार नाहीस, असं याच दवाखान्यात मला सांगितलं होतं. म्हणून तिसरा महिना लागायच्या आत आले. मला मरायचं नव्हतं. एवढंच.

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलंही नाही. "नवऱ्याची सही आण. कायदा आहे."

कायदा म्हटल्यावर मला बाप आठवला. तो सांगायचा, आपल्याला जे मिळालं ते कायद्यानं मिळालं, त्याला कधी धुडकावू नका. मी मान डोलावली आणि निघाले.

नवरा इगतपुरीला रेल्वेत गँगमन. आठवड्यानं घरी यायचा. जेवता जेवता म्हणाला, "सही नाय करायचो. औंदा पोरगाच हाय." मी पाया पडले. तो जेवत राहिला. मी दोनदा परत दवाखान्यात गेले. दोन्ही वेळा तेच, सही आण. तिसऱ्यांदा गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता फार दिवस झाले, काही होणार नाही.

चौथीही मुलगीच झाली. मी मेले नाही. पोर गुणाची आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण तेव्हापासून गर्भाची पिशवी खाली उतरलीय, माझं अंग बाहेर येतं. भरली घागर उचलता येत नाही. नवऱ्यानं कपाळाला हात लावला, तो मुलगी झाली म्हणून.

सहा वर्षांनी त्याच दवाखान्यात मला आयाचं काम मिळालं. बसून फरशी पुसायचे. एकदा सिस्टरनं कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा आणि फूटपट्टी हातात दिली. "सातवी शिकलीस ना? प्रत्येकावर खाली रेघ मार आणि लिही, पतीची सही."

मी वाचलं. छापलेलं होतं, मी गर्भपातास संमती देते. त्याखाली स्त्रीची सही किंवा अंगठा. त्याखाली काहीच नाही. कोरा कागद.

"सिस्टर, हे छापलेलं का नाही?"

"उद्या नवरा येऊन दंगा करील. डॉक्टरांना कशाला ताप? मार रेघ."

मी रेघा मारल्या. दहा-बारा फॉर्मांवर, माझ्या हातानं. लाज वाटते सांगायला.

त्याच दुपारी चांदवडकडची एक बाई आली. कांद्याच्या खळ्यावर कामाला जाणारी, एकटीच. डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं नाही. "नवऱ्याची सही आण. कायदा आहे."

मी फडकं टाकलं. उभी राहिले. "कायद्यात एकच सही आहे, डॉक्टर. हिची."

त्या हसल्या. "आता फरशी पुसणाऱ्या कायदा शिकवणार!" मग सिस्टरला म्हणाल्या, "हिला उद्यापासून नको."

आमच्या बोलाचालीनं ती बाई भेदरली. पिशवी उचलून तरातरा निघून गेली. मी मागं धावले. माझ्या अंगानं मला धावू दिलं नाही. फाटकाशी पोचले तोवर ती दिसेनाशी झाली होती. तिचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. ते मला अजून खातं.

आता मी त्या फाटकाबाहेर बसते. रडत बाहेर येणाऱ्या बाईचा हात धरून परत आत जाते. पुष्कळदा दोघींनाही हाकलतात. मी पुन्हा जाते. नाही म्हणायचंय ना, डॉक्टर? तुमच्या भीतीच्या नावानं म्हणा, तुमच्या किळसेच्या नावानं म्हणा. कायद्याच्या नावानं मी म्हणू देणार नाही.