पालकांच्या विनंतीवरून

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत शाळा अर्ध्यावर सोडलेला एकही तरुण जीव माझ्या साडूंच्या नजरेतून निसटलेला नाही, आणि नजरेत आलेला एकही जीव दहावीचा अर्ज भरल्याशिवाय सुटलेला नाही, असे मी शपथेवर सांगू शकतो. पत्नीच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. पत्नी त्यांना भावजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. ते मला ‘मास्तर’ म्हणतात. त्या हाकेत आदर किती आणि उलटतपासणी किती, याचा उलगडा मला इतक्या वर्षांत झालेला नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर उभे राहून त्यांचे आयुष्य गेले. शिक्षकी पेशाशी त्यांचा संबंध एवढाच, की ते स्वतः दहावीला तीनदा बसले होते. “पेपर तिन्ही वेळा सोपा होता,” असे ते अभिमानाने सांगतात.

त्यांच्या खांद्यावर रेक्झिनची एक पिशवी असते. तीत बाहेरून दहावीला बसणाऱ्यांसाठी असलेल्या सतरा नंबरच्या अर्जाच्या प्रती, डिंकाची बाटली आणि चार पेने. हा अर्ज आता संगणकावर भरतात, हे त्यांना अनेकांनी समजावले. त्यांचे उत्तर ठरलेले: “कॉम्प्युटर बंद केला की माणूस विसरतो. कागद खिशात टोचत राहतो.” बदलापूर गावात माझ्या पुतणीच्या लग्नात वरात दारात आली आणि एकाएकी बँड थांबला. नवरदेव घोड्यावर, घोडा चुळबुळतो आहे, आणि भावजी क्लॅरिनेटवाल्या तरुणाला बाजूला घेऊन उभे. “नववी पास आहेस, मग सोडलीस कशाला रे?” तो काकुळतीला आला होता. “काका, वाजवू द्या ना, मास्टर ओरडतोय!” “वाजव की! आधी जन्मतारीख सांग.” माझा भाऊ धावत आला, “अहो, मुहूर्त टळतोय!” भावजींनी पेनाचे टोपण शांतपणे काढले. “मुहूर्त दुसरा निघेल. अर्जाची मुदत परवा संपतेय.” तो तरुण पुढे पास झाला. अजूनही कुठल्या वरातीत भावजी दिसले, की वाजवता वाजवताच तो मान लववतो आणि त्या ठिकाणी सूर थोडा घसरतो.

त्यांचा वर्ग उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या जीन्स शिवण्याच्या एका कारखान्यात दर रविवारी भरतो. सुट्टीमुळे यंत्रे बंद असतात. कारखान्याचे सिंधी मालक एवढेच म्हणाले होते, “साईं, स्कूल चलाओ, कॉलेज चलाओ, बस कैंची जगह पे रखना.” शिवणकाम करणाऱ्या मुली, रिक्षावाले, पापड लाटणाऱ्या बायका तिथे कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून बीजगणित सोडवतात. शेकडेवारी वाया गेलेल्या कापडावरून शिकवली जाते, आणि इंग्रजीच्या तासाला भावजी स्वतः पहिल्या गठ्ठ्यावर बसून सगळ्यांत जास्त चुका करतात. मात्र शिकवायला येणाऱ्या प्रत्येकासाठी तिथे एक विलक्षण नियम आहे. नव्या शिक्षकाने आधी एक तास कुठल्यातरी विद्यार्थ्याकडून काहीतरी शिकायचे, विद्यार्थ्याने त्याला गुण द्यायचे, आणि शेऱ्यासकट ते भिंतीवर लावायचे. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी रिक्षा शिकायला घेतली आणि ती थेट पानाच्या टपरीत नेली. त्यांना मिळालेला शेरा अजून भिंतीवर आहे: ‘हॉर्न चांगला वाजवतात.’

मी बदलापूरच्या एका शाळेत वीस वर्षे गणित शिकवले, पुढे तिथलाच मुख्याध्यापक झालो, आणि पंचावन्नाव्या वर्षी स्वेच्छेने निवृत्त झालो. कात्रपच्या घरात बसून मी झाडांना गरजेपेक्षा जास्त पाणी घालत होतो, ते पाहून भावजी म्हणाले, “मास्तर, रविवारी या.” मी गेलो. मनात थोडा तोराही होता. तो इथे लपवत नाही. भावजींनी मला एका शिलाई यंत्रासमोर बसवले आणि हाक मारली, “रेश्मा, ह्यांना मागचा खिसा शिकव.”

ती समोर आली आणि मी ओळखले. हेंद्रेपाड्यातली रेश्मा. आठ वर्षांपूर्वी ती नववीत गणितात नापास झाली होती. शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा, या एकाच ध्यासाने तेव्हा मला ग्रासले होते. तिचे वडील माझ्या टेबलापुढे उभे होते. “हिला झेपणार नाही, दाखला घेऊन जा,” असे मी म्हणालो. आवाजही चढवला नव्हता. माझे वाईट निर्णय मी नेहमी मृदू आवाजातच घेतले आहेत.

“सर, कापड ढकलू नका,” रेश्मा सांगत होती. “मशीन स्वतःच ओढतं. तुम्ही फक्त सोबत राहा.” मी ढकलले. सुई मोडली. तिने दुसरी लावली. तीही मोडली. मागच्या गठ्ठ्यावरून कोणीतरी म्हणाले, “सर का तो पॅटर्नच अलग है!” आणि सगळा वर्ग हसला. ती हसली नाही. तिसरी सुई लावताना म्हणाली, “होतं असं. माझ्या पहिल्या दिवशी पाच मोडल्या होत्या.” तास संपला तेव्हा माझा खिसा एका बाजूने उघडा आणि दुसऱ्या बाजूने कायमचा बंद झालेला होता.

तिच्या अर्जाला जोडायचा शाळेचा दाखला तिथेच टेबलावर होता. शाळा सोडल्याचे कारण: ‘पालकांच्या विनंतीवरून’. अक्षर माझे, सही माझी. भावजींनी ती सही आधीच पाहिली होती, हे मला नंतर कळले. मी म्हणालो, “रेश्मा, हे खोटं आहे. तुझ्या वडिलांनी विनंती केली नव्हती.”

“केली होती, सर,” ती धागा तोडत म्हणाली. “ठेवून घ्या, अशी. मी दाराबाहेरच उभी होते.”

मी माफी मागितली, पण ती इतक्या हळू, की तिला पुन्हा विचारावे लागले, “काय म्हणालात?” मी पुन्हा मागितली, या वेळी वर्गाला ऐकू जाईल अशी. तिने माझा तो वाकडा खिसा उलटसुलट करून पाहिला. मग कागद ओढून तिने गुण लिहिले आणि भिंतीवर चिकटवले: ‘शंभरपैकी बावीस. नापास. पुढच्या रविवारी येऊ द्यावे.’

मी गेलो. त्यानंतरचे सगळे रविवार गेलो. खिसा सुधारला नाही, पण तिचे बीजगणित सुधारले. कधी मी ढकलू लागलो, की ती नुसते बोट वर करायची आणि मी थांबायचो.

मार्चमध्ये तिचा गणिताचा पेपर अंबरनाथच्या एका केंद्रावर होता. भावजी आणि मी फाटकाबाहेर झाडाखाली उभे होतो. अलीकडे त्यांना कमी दिसते. आत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला ते रेश्मा समजून हात करत होते, आणि मुलीही परत हात करत होत्या. गर्दी ओसरल्यावर त्यांनी विचारले, “मास्तर, तुमच्या हातून अशा किती गेल्या?”

मी बोटांवर मोजू लागलो. त्यांनी पिशवीतून कोरा कागद आणि पेन काढून माझ्या हातात दिले. “आठवतील तशी नावं लिहा. शोधू.”

पेपर सुटेपर्यंत मला सहा नावे आठवली. सातव्या मुलीचे नाव काही केल्या आठवेना. चेहरा मात्र समोर उभा होता.

“मग चेहरा लिहा,” भावजी म्हणाले.

मी लिहिले: डाव्या भुवईवर जुना व्रण. खिडकीजवळचा दुसरा बाक. उत्तर येत असले तरी हात अर्धाच वर करायची.