मिशाळ सवतींच्या बेटावर

उन्हाळा आला की आमचे हे अलास्कातल्या एका बेटावर वॉलरस मोजायला जातात, आणि मी स्टेट कॉलेज नावाच्या, ह्यांच्या विद्यापीठाच्या गावातल्या अपार्टमेंटमध्ये मुलीला बाबांचे फोटो दाखवत बसते. पीएचडी म्हणे! यंदा मीनूला शेजारच्या काकूंकडे ठेवलं आणि निघाले. ह्यांना मी जास्त की ती जनावरं, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

विमानं लहान लहान होत गेली आणि शेवटी मासेमारीची बोट आली.

"वॉलरस बघायला?" म्हाताऱ्या बोटवाल्याने विचारलं.

"सवती बघायला," मी मराठीत पुटपुटले.

बेटाआधी वास आला. मग दिसला तो 'हॉलआउट' (वॉलरस पाण्यातून वर येऊन पसरतात ती जागा). अंगाला अंग लावून नुसती गर्दी! पाण्यातून नुकते आलेले पांढुरके, उन्हात तापलेले गुलाबी. आणि खडकावर आमचे हे, ओठांवर बोट ठेवून.

"हळू बोल अगं! बिचकले तर सगळे पाण्यात जातील. दिवसाची मोजणी जाते."

दोन महिन्यांनी बायको आली, तिचं हे स्वागत!

कड्यावर बसून ह्यांनी मी आणलेल्या गूळपोळ्या खाल्ल्या, पण दुर्बीण खाली ठेवली नाही. "तो तुटक्या सुळ्याचा बंडोपंत. मिशांनी समुद्राचा तळ चाचपून शिंपले शोधतो. पलीकडे तात्या."

माझा नुसता जळफळाट झाला. लग्नात उखाण्यात माझं नाव घेतलं तेवढंच. त्यानंतर कायम 'अगं'. आणि त्या ढेरपोट्याला बंडोपंत!

"यात बायका कुठल्या?" मी विचारलं.

"एकही नाही. माद्या पिलांना घेऊन बर्फामागोमाग उत्तरेला जातात. पिलू दोन-दोन वर्षं आईला सोडत नाही."

"आणि बाप इथे उन्हं खात लोळतात!"

"जागेवरून भांडतात पण," हे गंभीरपणे म्हणाले. टोमणा साफ डोक्यावरून गेला.

दुसऱ्या दिवशी बोट आली. "येते," मी तुटकपणे म्हटलं आणि चढले. डोळे भरून आले होते, पण ह्यांना दाखवायचे नव्हते.

बोट सुटली. मागून दबक्या आवाजात आलं, "अगं!" मी वळले नाही. पुन्हा, जरा मोठ्याने, "अगं!" मी पाठ फिरवली ती फिरवलीच.

"सुमन!"

कडा दणाणला. किनाऱ्यावरचे सगळे सुळे एकदम वर झाले, आणि धपाधप रांगाच्या रांगा पाण्यात. बंडोपंत सगळ्यांत पुढे!

"ओ बॉय," बोटवाला म्हणाला, "आजची मोजणी गेली त्याची."

हे तिकडे बघतसुद्धा नव्हते. माझ्याकडे बघून दोन्ही हात हलवत होते. मीही हलवले, रडत आणि हसत.

सप्टेंबरात हे घरी आले. बुडालेल्या मोजणीबद्दल अजून हळहळतात, आणि घरात पुन्हा 'अगं'च चालू आहे. चालतं मला. एकदा ऐकलंय.