खंडेनवमीचा सायरन

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं... एवढंच मी आयुष्यभर मानत आलो. या सदरातले अनुभव बायको मोठ्याने वाचायला लागली की मी चहाचा कप घेऊन गॅलरीत जातो. त्यामुळे इथे माझं लिखाण बघून तिलाच आधी धक्का बसेल. तिलाही यातलं अर्धंच माहीत आहे.

मी मूळचा साताऱ्याकडचा, नोकरीमुळे पालघरला राहतो. रोज बाईकवरून उमरोळीमार्गे बोईसर, तिथून पुढे तारापूर एमआयडीसी. आमची केमिकलची कंपनी – नाव सांगत नाही. तिथला आयटी विभाग म्हणजे मी, आणि एक लहानशी सर्व्हर रूम. तिथे एसी कायम चालू असतो म्हणून सगळे तिला ‘फ्रिज’ म्हणायचे. हे नाव जनूभाऊंनी पाडलेलं. जनूभाऊ मुरब्याचे कोळी, आमच्या चिलिंग प्लांटचे ऑपरेटर. एकदा दारातून डोकावून म्हणाले, "साहेब, हितं दोन टोपल्या पापलेट ठेवू द्या की. तुमच्या मशीनीला पन सोबत होईल."

चिलिंग प्लांट म्हणजे रिअॅक्टर थंड ठेवणारा भाग. त्यात अमोनिया असतो. गळती झाली तर सेन्सरला कळतं, सेन्सर माझ्याकडच्या एका प्रोग्रामला सांगतो आणि तो प्रोग्राम सायरन वाजवतो. पुढचं समजायला एक गोष्ट सांगावी लागेल, कंटाळू नका.

एका सर्व्हरच्या पोटात अनेक कॉम्प्युटर चालवता येतात. ते खरेखुरे डबे नसतात, पण काम तसंच करतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. असं मशीन चालू असतानाच एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येतं, आतल्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. फक्त एक अडचण आहे. सुरू होताना ते मशीन प्रोसेसरला विचारतं – तुला काय काय येतं? एकदा उत्तर मिळालं की परत विचारत नाही. त्यावरच विसंबून राहतं. त्यामुळे नव्या प्रोसेसरवर सुरू झालेलं मशीन चालत्या अवस्थेत जुन्यावर आणलं, तर ते जुन्याकडूनही नव्याची कामं मागत राहतं. जुन्याला ती येत नाहीत. मग ज्या क्षणी असं काम मागितलं जाईल, त्या क्षणी प्रोग्राम मरतो.

यावर उपाय आहे. जुन्याला जेवढं येतं तेवढंच मला येतं, असं नव्या प्रोसेसरला सांगायला लावायचं. तशी सेटिंग असते आणि मी ती केलेली होती. पण आमचे मालक, शेठजी, एकदा म्हणाले, "एवढा महागाचा नवा सर्व्हर घेतला, आणि तुमचे रिपोर्ट अजून रांगतायत." मी सेटिंग काढून टाकली आणि मशीन्स नव्याने सुरू केली. रिपोर्ट काही पळायला लागले नाहीत... पण ‘आता पूर्ण ताकदीने चालतोय’ असं शेठजींना सांगता आलं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे सगळ्या मशिनरीची पूजा होते – हळदकुंकू, झेंडूचे हार, नारळ. शेठजींचा दंडक असा की चालत्या मशीनची पूजा करायची नाही, आरती होईपर्यंत तरी ते बंद हवं. त्या वर्षी एका रिअॅक्टरमध्ये बॅच अर्धवट होती, म्हणून चिलिंग प्लांटला तेवढी सूट मिळाली. अमोनिया चालू म्हणजे अलार्मचा प्रोग्रामही चालू हवा. जुन्या सर्व्हरची पूजा करून तो परत सुरू केला. आता नव्याची पाळी. बाकी सगळं बंद केलं, आणि अलार्मचं मशीन तेवढं जुन्यावर हलवायला घेतलं.

स्क्रीनवर इशारा आला – प्रोसेसर जुळत नाही.

खरी पद्धत अशी की अलार्मचं मशीन बंद करायचं आणि जुन्या सर्व्हरवर नव्याने सुरू करायचं. पण त्यासाठी सेफ्टी ऑफिसरची परवानगी लागते, आणि तेवढा वेळ कोणीतरी हातात गॅस मोजायचा मीटर घेऊन प्लांटमध्ये उभं राहावं लागतं. इकडे गुरुजी दारात तबक घेऊन उभे, शेठजींनी बूट काढलेले. "झालं का हो?" त्यांनी विचारलं. ती तपासणी वगळायची एक पळवाट असते. मी वगळली. मशीन हललं, चालूही राहिलं. मी नव्या सर्व्हरची वायर काढली आणि "या गुरुजी" म्हणालो. स्वतःवर खूश होतो, खोटं कशाला बोलू?

आरती सुरू झाली. कोपऱ्यात माझा लॅपटॉप उघडा होता. सहज नजर गेली... अलार्मचा प्रोग्राम बंद पडलेला होता. लाल ओळ, स्पष्ट.

इथून पुढचं मी यंदापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

मला दिसलं होतं. लॅपटॉपपर्यंत जायला शेठजींना बाजूला सारावं लागलं असतं, आणि काय झालं ते सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. मी मनात म्हटलं, आरती होऊ दे, मग बघू. आणि टाळ्या वाजवत उभा राहिलो.

तेवढ्यात सायरन वाजला.

सगळे गेटकडे पळाले. मी आधी लॅपटॉपकडे धावलो. लाल ओळ तशीच. प्रोग्राम मेलेला, आणि सायरन कान फाडत होता. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग डोळ्यांना झोंबणारा वास आला आणि मीही पळालो.

गळती खरी होती, कॉम्प्रेसरच्या मागच्या पाइपला. सेफ्टीवाल्यांनी मास्क लावून व्हॉल्व्ह बंद केला. गेटवर जनूभाऊ भेटले. हातात झेंडूचा हार, कुस्करलेला. ते केबिनमध्ये काच लावून बसले होते, वास आलाच नव्हता. कॉम्प्रेसरला हार घालायला उठले आणि दारात पाय ठेवणार तोच सायरन झाला. म्हणाले, "साहेब, तुमच्या मशीनीनं वाचवला."

मी ‘नाही’ म्हणालो नाही.

नंतर सगळं तपासलं. नव्या सर्व्हरची वायर खाली पडलेली, प्लगवर कुंकू, म्हणजे तो बंदच होता. हाताने सायरन वाजवायच्या बटणांवरच्या काचा शाबूत. सायरनची वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून दोनदा बघून घेतली. तो वैतागला, "सर, सब ओके है. बजा तो बजा, अच्छा ही हुआ ना?" का विचारतोय ते मला सांगता येईना. मी गुपचूप प्रोग्राम सुरू केला, सेटिंग पुन्हा जुन्याच्या पातळीवर आणली.

कंपनीने मला शाल-श्रीफळ दिलं. जनूभाऊ घरी पापलेट घेऊन आले, बायकोने तळली. मी वरण-भातावरच उठलो. तेव्हापासून ते रोज सकाळी सर्व्हर रूमच्या दाराला हात लावून कपाळाला लावायचे. ‘फ्रिज’ म्हणणं बंद झालं. चेष्टाही बंद झाली. ते मला सगळ्यात जड गेलं.

तरीही मी गप्पच राहिलो असतो. पण यंदा मीटिंगमध्ये ठरायला लागलं की हातात मीटर घेऊन प्लांटमध्ये मारायच्या फेऱ्या बंद करू. माणसं अडकतात, आणि "सिस्टीम आहे ना! खंडेनवमीला बघितलं की." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी उभं राहून सगळं सांगितलं. सायरन कोणी वाजवला ते माहीत नाही, पण सिस्टीमने नाही, हेही सांगितलं. शेठजी म्हणाले, "मी बाजूलाच उभा होतो. हाताने सारायचं ना मला." फेऱ्या चालू राहिल्या. माझं पुढे काय करायचं ते अजून ठरायचंय.

जनूभाऊंना बाहेरून कळू नये म्हणून त्याच दुपारी कँटीनमध्ये त्यांच्यासमोर जाऊन बसलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे तवा मशीन मेलेली होती?"

"हो."

"आनि तुमाला म्हाईत होता."

"हो."

"मी तिकडं हार घालायला चाललेलो, साहेब. आनि तुमी टाळ्या वाजवत होते."

त्यांनी ताटातला भात बोटाने एका बाजूला गोळा केला.

"मंग वाजवला कोनी?"

"माहीत नाही, जनूभाऊ."

"नाय म्हाईत... की सांगत नाय?"

"नाही माहीत."

ते उठले, ताट धुवायला गेले.

यावर वाचक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. शॉर्ट सर्किट, योगायोग, अडकलेला सिग्नल... हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलंय. एकही जुळत नाही. आणि जुळलं असतं, तरी मी तिथे टाळ्या वाजवत उभा होतो, त्यात काही फरक पडला नसता.

जनूभाऊ आता दाराला हात लावत नाहीत. फेरीवर निघाले की हातातला मीटर घेऊन सर्व्हर रूमच्या दारात थांबतात आणि आतल्या मशीनकडे हनुवटी करून विचारतात, "जागी हाय का?"

पहिल्या दिवशी मी बसल्या बसल्या "आहे" म्हणालो. ते हलले नाहीत.

"बघून सांगा."

आता मी खुर्चीतून उठतो. स्क्रीनपाशी जातो, बघतो, मग सांगतो. तोवर ते दारातच उभे असतात.