हातचं राखून दिलेली बिस्किटं

माझी मर्टिसमावशी अत्यंत उदार बाई होती. तिच्या चीजच्या बिस्किटांची कृती जो मागेल त्याला ती द्यायची, तीही हसतमुखाने आणि वर लिंबाच्या सरबताचा पेला देऊन. फक्त ती कृती खरी नसायची.

म्हणजे अगदी खोटीही नसायची. मावशी बाप्टिस्ट होती, खोटं बोलणं तिच्या धर्मात बसत नव्हतं. ती एखादी गोष्ट सांगायची विसरायची. पाद्रींच्या बायकोला, शार्लीनला, लाल मिरचीची पूड सांगायची विसरली. कुणाला लोणी अर्धंच सांगितलं, तर कुणाला भट्टी चांगली तापव म्हणाली, आणि त्या बाईची बिस्किटं दर वेळी कोळसा होऊन निघू लागली. नेल्डा टिसडेलला मात्र तिने सगळं साहित्य नीट सांगितलं आणि मग प्रेमाने म्हणाली, "चीज किसत कशाला बसतेस गं बाई? दुकानात पिशवीत किसलेलं मिळतं की!" पिशवीतला कीस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला कोरडं पीठ चोळलेलं असतं. त्याचं कणकेत काय होतं हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. नेल्डाची बिस्किटं तोंडात घातली की भुसा झाल्यासारखी वाटायची.

मिसिसिपीतल्या आमच्या डेंटन्स मिल गावात माणूस मेला की त्याच्या घरी डॉक्टरच्या आधी तळलेली कोंबडी पोचते. मागोमाग हॅम, भरलेली अंडी, आणि जेलीत भाज्या कोंडून केलेलं ते सॅलड, जे कुणी खात नाही पण कुणी आणायचं थांबवतही नाही. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर मालकिणीचं नाव, कारण दुःख कितीही मोठं असलं तरी भांडं परत मिळालं पाहिजे. या सगळ्या पसाऱ्यात मधोमध मावशीच्या बिस्किटांची थाळी असायची. आजूबाजूला इतर बायकांच्या बिस्किटांच्या थाळ्या. मावशी प्रत्येक थाळीतलं एकेक बिस्किट उचलायची, सावकाश चावायची आणि म्हणायची, "छान झालीयत हं, नेल्डा. तुझ्या मानाने फारच छान."

आणि नेल्डा मान खाली घालून म्हणायची, "तुमच्या हाताची चव कुठून येणार, मिस मर्टिस!" आमच्याकडे मोठ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, आदराने मिसच म्हणतात.

त्या वेळी मावशीच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते मी तिच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मावशीचा नवरा डबकाका, हा या सगळ्याचा मजूर. दर शनिवारी पिवळ्याधमक जुन्या चीजचा ठोकळा घेऊन तो मागच्या ओट्यावर किसत बसायचा. मग लोणी, मैदा, मीठ आणि मिरची घालून मावशी कणीक मळायची आणि काका सोऱ्यातून तिच्या लांब खाचदार पट्ट्या पाडायचा. मंद आचेवर त्या कोरड्या, खुसखुशीत होईपर्यंत दोघं एकमेकांवर खेकसत बसायची. संध्याकाळी काका मूठभर बिस्किटं आणि थंड ताकाचा पेला घेऊन झोपाळ्यावर बसायचा. त्याला जगात आणखी काही हवं असल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

शेवटच्या आजारपणात मात्र त्याने एक गोष्ट मागितली. मी उशाशी बसलो होतो. मावशीला म्हणाला, "मर्ट, माझ्या मयताला तुझीच बिस्किटं ठेव. ती लोकांची भुसकटं माझ्या पेटीशेजारी नकोत."

"मरायच्या गोष्टी करू नकोस," मावशी म्हणाली. "ठेवीन."

पुढे काका जायच्या आधीच्या आठवड्यात मावशी ओट्यावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. आणि मग काका गेला.

आमच्याकडे विधवेने चुलीला हात लावायचा नसतो. तिने पुढच्या खोलीत मोठ्या खुर्चीत बसायचं आणि आल्यागेल्याला गालाचे मुके घेऊ द्यायचे. स्वयंपाकघर चर्चच्या बायकांच्या ताब्यात जातं. त्या नुसता ताबा घेत नाहीत, तिथली डब्यांची मांडणीही सुधारून जातात. म्हणजे हात मोडलेला, स्वयंपाकघरात नेल्डाचा पहारा आणि दुसऱ्या दिवशी दफन. मावशीने मला खुणेने जवळ बोलावलं.

"तुझ्या घरी जाऊन तू करशील? मी सांगते सगळं. खरं सांगते."

"मावशी, मला अंडं उकडता येत नाही."

"पन्नाशी आली तुझी."

"म्हणून तर आता शिकत नाही."

तिने एकदा उठायचाही प्रयत्न केला. दारातच शार्लीनने तिला पकडलं. "अगं बाई गं, कुठे निघालात? बसा, बसा, मिस मर्टिस. आम्ही आहोत ना!" असं म्हणत तिला पुन्हा खुर्चीत दाबून बसवलं आणि मांडीवर जेलीचं सॅलड ठेवलं. माझी मावशी, जिने गावातल्या कुठल्याही बाईपुढे कधी हार मानली नव्हती, त्या हिरव्या जेलीकडे बघत रडायला लागली. लोकांना वाटलं डबसाठी रडतेय. तेही खरंच होतं. आयुष्यात त्याने एक गोष्ट मागितली आणि तीही तिच्याच्याने होत नव्हती.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "नेल्डाला बोलाव."

नेल्डा एप्रनला हात पुसत आली. मी उठायला लागलो, तर मावशीने डाव्या हाताने माझी बाही धरून ठेवली. कबुली द्यायला साक्षीदार हवा होता की पळून जाऊ नये म्हणून कुणीतरी धरायला हवं होतं, कोण जाणे.

"नेल्डा," मावशी म्हणाली, "ते पिशवीतलं चीज वापरायचं नसतं."

नेल्डा हात पुसतच राहिली.

"ठोकळा आणून हाताने किसायचं. बारीक. मी तुला मुद्दाम तसं सांगितलं होतं. शार्लीनला मिरची सांगितली नाही, तीही मुद्दाम. काय म्हणायचंय ते म्हण. पण आज रात्रीत माझ्या डबसाठी नीट बिस्किटं करून दे. तुझ्या पाया पडते."

नेल्डा स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. "दोन ट्रे भट्टीतून निघालेत. तिसरा आत आहे. ठोकळ्याचंच चीज आहे, मिस मर्टिस. सकाळपासून किसतोय आम्ही, बोटं सोलून निघाली."

"तुला कुणी सांगितलं?"

"डबनं."

मावशीचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी बघितला नाही. मी जेलीकडे बघितलं.

"माझ्या थोरलीच्या लग्नात माझ्या बिस्किटांचा भुगा झाला होता, आठवतंय? मी चर्चमागे रडत होते. तेव्हा तो आला आणि म्हणाला, ठोकळा आण बाई, हाताने किस. मग शार्लीनलाही सांगितलं त्यानं. सगळ्यांनाच सांगितलं हळूहळू. त्याच्या पोटात काही राहायचं का?"

"मग इतकी वर्षं प्रत्येक मयताला तो भुसा का घेऊन येत होतीस, मेले?"

नेल्डा एप्रनशी चाळा करत राहिली. "त्यानं वचन घेतलं होतं. म्हणाला, आपापल्या घरी हवी तेवढी चांगली करा. पण चारचौघांत मर्टिसपेक्षा चांगली करायची नाहीत. मयताच्या घरी तिचा चेहरा जसा फुलतो, तसा मला घरी फुलवता येत नाही, म्हणाला."

एवढी वर्षं मावशी हातचं राखून वागत होती आणि सगळं गाव तिची मर्जी राखून वागत होतं. माझ्यासकट कुठल्याही पुरुषाला याचा पत्ता नव्हता. त्यात नवल काही नाही. आम्ही नुसते खात होतो.

"गाढव होता," ती शेवटी म्हणाली. "चीजसुद्धा जाडंभरडं किसायचा." आणि नेल्डाचा हात तिने घट्ट धरला, सोडेचना.

दुसऱ्या दिवशी दफन झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये मधोमध बिस्किटांची थाळी होती. मी ती उचलून बघितली. बुडाला चिकटपट्टीवर नेल्डाच्या अक्षरात 'मर्टिस' लिहिलं होतं. ते मी मावशीच्या कानात सांगितलं. दफनाआधी पेटी बंद करताना मावशीने त्यातली दोन रुमालात गुंडाळून काकाच्या कोटाच्या खिशात घातली होती. आता लोक थाळीवर तुटून पडले. शार्लीनने एक खाल्लं, डोळे मिटले आणि भर हॉलमध्ये म्हणाली, "वा, मिस मर्टिस! तुमच्या हाताची चव ती तुमच्याच हाताची!" मावशीचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये तिच्या नाकासमोर होता.

मावशी नेहमीसारखी फुलेल म्हणून सगळ्या बायका वाट बघत थांबल्या. तिने डाव्या हाताने थाळी उलटी केली असती तर बिस्किटं सांडली असती, म्हणून तिने फक्त मला सांगितलं, "ती पट्टी काढ खालची." मग मोठ्याने म्हणाली, "माझी नाहीत ती. नेल्डानं केलीत."

नेल्डा पांढरीफटक पडली. वचन मोडलं, तेही नेमकं डबच्याच मयताला!

मावशीने एक बिस्किट उचललं आणि सावकाश चावलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

"छान झालीयत हं, नेल्डा," ती म्हणाली. "मीठ तेवढं कमी पडलंय."

"हो ना," नेल्डा डोळे पुसत म्हणाली. "तुमच्यासारखं कुठून जमणार!"

मी खाल्ली होती. मीठ अगदी बरोबर होतं.