किडकी वांगी अन् तांड्यावरची रेंज

मंडळी, आज बाजारच्या दिवशी आपली पार जिरली.

जवळा बाजारात माझं रिचार्जचं दुकान आहे. दुपारी तांड्यावरची कमलाबाई आली. ती आठवडी बाजारात भाजी विकते. रिचार्ज मारल्यावर तिनं विचारलं, "दादा, हिंगोलीत बी एवढेच पैसे घेतात का?"

"व्हय मावशी, सगळीकडं एकच भाव."

"मंग तिथं बी लेकीशी बोलायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागते का?"

मी हसलो. ती न्हाई हसली.

"किडकी वांगी मी बाजूला काढून अर्ध्या भावात देते. चांगल्याच्या भावात दिली तर गिऱ्हाईक भांडते. तुमच्या कंपनीशी काहून कोणी भांडत न्हाई?"

इतकी वर्षं रिचार्ज मारून राहिलो, पण रेंजची तक्रार मी एकदाही केली न्हाई. 'तांड्यावर असंच असते' म्हणायचो अन् पैसे मात्र पूर्ण घ्यायचो.

आज तिच्यासमोरच कंपनीला फोन लावून तक्रार नोंदवली. ते ऐकून दुकानातल्या बाकीच्यांनीही आपापल्या गावाची तक्रार केली. बाजार उठेपर्यंत सतरा झाल्या! कंपनीवाले म्हणाले, तपासायला माणूस पाठवतो.

कमलाबाईला सांगितलं तर म्हणाली, "येऊ दे. त्याला मीच टाकीवर नेते. तिथून त्याच्या घरी फोन लावून दाखव म्हणते."

तुमच्या गावात बोलायला कुठं चढावं लागते? खाली गावाच्या नावासकट लिहा. हसण्यावारी नेऊ नका, मी नेलं होतं.