खांदा कॉलनीतला लाल किल्ला

गंगाबाई हिलम रागावली की ओरडत नसे. हातातलं काम खाली ठेवायची आणि हलायची नाही. वीटभट्टीवर मुकादमाने नवऱ्यावर हात उगारला, तेव्हा तिने असंच केलं होतं. मग दोघं भट्टी सोडून खांदा कॉलनीत इमारतींच्या कामावर आली. नवरा परांचीवरून पडून वारला. गंगाबाई लेकीला, चिंगीला घेऊन मैदानाच्या कडेला झोपडीत राहिली.

१९९७ साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली. कॉलनीच्या उत्सव समितीने मैदानात प्लायवूडचा लाल किल्ला उभारायला घेतला. बांबूंसाठी खड्डे गंगाबाईनेच खणले. अध्यक्ष विनायक दामले हौशी माणूस. तिला सांगू लागले, "शहाजहानने बांधला हा किल्ला. मग इंग्रजांनी बळकावला. आझाद हिंद सेनेच्या माणसांवर खटला चालवला तो इथेच. आणि शेवटी इथेच आपला झेंडा फडकला!"

"गोरा आपून होऊन गेला?"

"छे! लोकांनी घालवला."

चौदा ऑगस्टला ती पाणी भरून आली तर झोपडी जमीनदोस्त. तांदूळ भिजू नयेत म्हणून चिंगी पावसात पिशवीवर पालथी पडली होती. झोपडी समितीच्या पोरांनी पाडली म्हणे. किल्ल्याच्या फोटोत मागे घाण दिसते म्हणून.

गंगाबाईने हंडा खाली ठेवला. भांडी, गोधडी, चिंगी, सगळं उचलून ती किल्ल्याच्या दरवाजात जाऊन बसली.

दामले धावत आले. "अगं, उद्या पाहुणे यायचेत! दोन दिवसांनी परत बांध की झोपडी!"

"दोन दीस पोरीला कुठं ठेवू? तुमच्या घरात?"

दामले चिडून म्हणाले, "पोलिसांना बोलवीन."

"बोलवा. आमचं घर कुनी मोडलं ते पन सांगा त्यांना. घर उबं राह्यल्याबिगर मी हितून उठनार नाय."

तिच्या सोबतच्या मजुरांनी हातातले बांबू टाकले. अर्धा किल्ला तसाच राहिला. संध्याकाळी त्याच पोरांनी भर पावसात झोपडी उभी केली. वर नवी ताडपत्री घातली. तेव्हा कुठे ती उठली.

सकाळी झेंडावंदन झालं. दामल्यांनी पेढ्यांचा पुडा झोपडीत पाठवला. गंगाबाईने तो आणणाऱ्याच्या हातात परत दिला. त्यानंतर ती समितीच्या कामाला कधी गेली नाही. पुढे मैदानालगत इमारत आली, झोपडी उठली, आणि मायलेकी रोडपालीकडे गेल्या. जातानाही तिने दामल्यांकडे वळून पाहिलं नाही.