आण्णांच्या झोपेची मोटार

आमच्या घरातला व्हॅक्यूम क्लीनर घर साफ करत नाही. तो माझ्या वडिलांना झोपवतो. हे लिहितानाही मला अपराधी वाटतं, कारण आमच्या गल्लीची समजूत वेगळी आहे आणि ती मी बरेच दिवस तशीच राहू दिली.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. अंबाजोगाईत त्यांची पिठाची गिरणी होती. दुपारी दळणाच्या डब्यांची रांग लागलेली असायची, पट्टा फिरत असायचा आणि आण्णा खुर्चीत बसून गाढ झोपायचे. वरची ज्वारी संपत आली की गिरणीचा सूर बदलायचा आणि त्यांचे डोळे आपोआप उघडायचे. पुढे पिठामुळे दमा जडला, डॉक्टरांनी गिरणी बंद करायला लावली आणि आण्णा घरी बसले. घरी शांतता होती. त्या शांततेत त्यांचा डोळा लागेना.

व्हॅक्यूम क्लीनर माझ्या पुण्याच्या मेव्हण्याचा. त्यानं नवा घेतला आणि जुना आम्हाला दिला. बायकोनं तो एकदोनदा वापरला आणि कपाटावर टाकला. केरसुणी बरी, म्हणाली, ती निदान ओरडत नाही. मग एका दिवाळीत सोफा साफ करायला तिनं तो खाली काढला, सुरू केला, आणि भिंतीपलीकडून घोरणं ऐकू आलं. आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. तिनं सोफा झाडायचं थांबवलं, पण बटण बंद केलं नाही.

तेव्हापासून हा नेमच झाला. जेवणं झाली की मधल्या खोलीत मशीन सुरू व्हायचं. नळी खुंटीला अडकवलेली, तिचं तोंड हवेत. बायको शेजारी बसून भाजी निवडायची आणि पलीकडं आण्णा घोरायचे. संध्याकाळी मात्र ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमची सून लई निर्मळ हाय. रोज घर मशीननं झाडती." ते ऐकून बायका घर बघायला येऊ लागल्या. त्या फाटकात दिसल्या की बायको आधी धावत केरसुणी फिरवून घ्यायची.

आण्णांना खरं सांगू या, असं मी तिला म्हणालो. तिनं भाजीतून मान वर केली नाही. "कावून? इतक्या वर्षांनी सासरी नाव निघालंय माझं. निघू द्या की."

सांगायचं राहिलं. मग मशीनमधून ठिणग्या उडायला लागल्या, करपट वास येऊ लागला आणि एका दुपारी ते जागीच थंड झालं.

झोप गेल्यावर आण्णांनी घरात लक्ष घातलं. आमचं पीठ चिमटीत धरून ते जाडं असल्याचं त्यांनी जाहीर केलं. भाकरी ताटातून परत जाऊ लागली. मग ते पलीकडच्या गल्लीतल्या नव्या गिरणीत जाऊन बसले आणि गिरणीच्या दगडांना छिन्नीनं वेळेवर टाकी कशी लावत नाहीत, यावर तिथल्या गिऱ्हाइकांसमोर बोलू लागले. तो गिरणीवाला आमच्या घरी आला. चहा प्यायला, आण्णांच्या अनुभवाची तारीफ केली आणि निघताना मला हळूच म्हणाला, "सर, दुपारचं आण्णांना घरीच ठिवा."

त्या दिवशी बायकोनं निकाल दिला. "एक तर मशीन नीट करा, न्हाई तर मी शिरूरला माहेरी जाते. तिथं पीठ कुनी चिमटीत धरीत न्हाई."

आमच्याकडं कूलर, मिक्सर, विहिरीची मोटार, सगळं दुरुस्त होतं. या मशीनला मात्र कुणी हात लावेना. शेवटी एका रविवारी गच्चीवर बसून मी स्वतःच ते उघडलं. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढला, स्क्रू ताटात ओळीनं मांडले. आधी धुळीची पिशवी निघाली. आतली धूळ जवळजवळ सगळी पुण्याची होती, आमच्या धुळीपेक्षा काळी. तिच्यात शर्टाचं बटण, टिकल्यांचा कागद आणि बुद्धिबळातलं एक प्यादं सापडलं. दुसऱ्याच्या घरचा केर असा उकरणं मला त्यांचं पत्र फोडल्यासारखं वाटलं. प्यादं तरी परत करावं म्हणून मी मेव्हण्याला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भावजी, घरी सगळं ठीक आहे ना?"

मोटार आत रबरी कड्यात बसवलेली होती, सोललेल्या नारळाएवढी. पंख्यावरचं पत्र्याचं झाकण निघेना. मी ते पेचकसानं उचकटलं आणि थोडं वाकवलं. मोटारीला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजून हरभऱ्याएवढे उरले होते. बेअरिंग बोटानं फिरवलं तर दाताखाली खडा यावा तसा आवाज आला. मोटार वाइंडिंगच्या दुकानातून मी नवे कार्बन आणले, ते कानशीनं घासून बसते केले. अर्धवट काम मला जमत नाही, म्हणून बेअरिंगही नवं बसवून घेतलं.

दुपारी बटण दाबलं. मशीन इतकं गुळगुळीत चाललं की मला स्वतःचा अभिमान वाटला. आण्णा आडवे झाले. थोड्या वेळानं उठून दारात आले.

"ह्याचा आवाज कावून बदलला?"

मी म्हणालो, दुरुस्त केलंय.

"दुरुस्त कशाचं. निस्ती शिट्टी मारतंय," असं म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि ते गिरणीकडं निघाले.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आण्णांना झोपवत होतं ते मशीन नव्हे, ते खराब बेअरिंग. त्याच्या घरघरीतच त्यांची गिरणी होती. मी लगेच वाइंडिंगवाल्याकडं गेलो आणि जुनं बेअरिंग परत बसवायला सांगितलं. त्यानं ते फिरवून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"सर, तुमी शाळेत काय शिकवताव?"

"विज्ञान," मी म्हणालो.

त्यानं पेचकस उचलला. हे असं फार दिवस चालणार नाही, एवढं बजावून बसवून दिलं.

घरघर सुरू झाली आणि आण्णा झोपले. भाकरी ताटात राहू लागली. मला मात्र चैन पडेना. आधी आम्ही नुसतं खोटं वागत होतो, आता मी धडधडीत मशीन बिघडवून खोटं वागत होतो. बायको म्हणाली, "बोलून त्यांची झोप घालवू नका." तरीही एका संध्याकाळी चहाच्या वेळी मी आण्णांना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. आपल्याला पाळण्यातल्या पोरासारखं झोपवलं याचं त्यांना दुःख होईल, अशी माझी भीती होती.

"मंजी मशीननं घर कधी झाडलंच न्हाई?"

"केरसुणीनं झाडतो, आण्णा. रोज."

"आन् मी गावभर सांगत हिंडलो." त्यांनी कप खाली ठेवला आणि सुनेला हाक मारली.

ती पदराला हात पुसत आली. म्हणाली, "मामा, मशीन ह्यांनीच चालू ठिवलंय. मी आपली भाजी निवडीत होते."

मग ठरलं. आण्णांचा शब्द गावात गेलेला होता, तो खरा करायचा. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी घर मशीननं झाडायचं काम माझं. पुन्हा लबाडी होऊ नये म्हणून आण्णा आपल्या खोलीत न झोपता मधल्या खोलीत खुर्ची टाकून बसले. पहिल्या दुपारी त्यांनी काठीनं प्रत्येक कोपरा दाखवला आणि डोळा मिटला नाही. झोप घालवलीत ना, अशा नजरेनं बायको माझ्याकडं बघत होती. दुसऱ्या दिवशीही तेच.

पुढं एका दुपारी मी सोफ्याखालून निघालो तेव्हा आण्णा म्हणत होते, "आता त्या कपाटाखाली, आतून, पार भिंतीपर्यंत." मी आत नळी घातली. भिंतीपर्यंत गेलो. पुढचा हुकूम आला नाही. वळून बघितलं तर मान छातीवर, काठी तशीच कपाटाकडं रोखलेली, आणि घोरणं मशीनच्या सुरात सूर मिसळून चाललेलं.

मी बटणाकडं हात नेला. स्वयंपाकघराच्या दारातून बायकोनं जोरात मान हलवली. तिथून हललो तर सूर बदलेल आणि ते उठतील, म्हणून मी गुडघ्यावर बसून तीच जागा परत परत झाडत राहिलो. आता रोज तसंच चालतं. बेअरिंग किती दिवस टिकेल ते माहीत नाही, पण कपाटाखालची ती फरशी आमच्या घरातली सगळ्यात निर्मळ जागा आहे. बायका आल्या की आण्णा आधी तीच दाखवतात.